सोमवारी अडखळणारी व्हॅन

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी ज्या गाडीच्या सेवेत घालवली, ती दिसायला पावाच्या लादीसारखी आहे. चिनी बनावटीची छोटी व्हॅन. पुढे नाक नाही, मागे शेपूट नाही आणि चाकं इतकी लहान की गाडी दमून खाली बसलीय असं वाटतं. सीटा ठेवल्या तर सात माणसं, काढल्या तर पाऊण टन माल. पत्रा तोच, इंजिन तेच. कागदावरची एक खूण बदलली की प्रवाशांची गाडी मालाची होते. जगभर खपते म्हणे. दुबईत तर अशी गल्ली नाही जिथे ती उभी नसते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या दाराशीच उभी असते.

मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. म्हणजे मेकॅनिक नाही आणि साहेबही नाही, मधला माणूस. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "पाटकर, गाडी कुईकुई करते." मी विचारायचं, सारखी करते की वळताना? थंड असताना की तापल्यावर? जरा करून दाखवता? मग तो बिचारा एसीत उभा राहून, टाय लावून, तोंडाने कुईकुई करून दाखवतो. ते ऐकून मी जॉब कार्ड भरायचं. जॉब कार्डात तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. तिन्ही भरल्याशिवाय कॉम्प्युटर गाडीला गेटबाहेर सोडत नाही.

आता कारण सापडलंच नाही तर काय? रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये कारणांची तयार यादी आहे आणि यादीत सगळ्यात शेवटी आहे: 'चालकाची चालवण्याची सवय'. ते एकदा दाबलं की गाडी निर्दोष, कंपनी निर्दोष, वर्कशॉप निर्दोष. ड्रायव्हर बहुधा तिथे नसतो, असला तरी इंग्रजी वाचत नाही. मी ते बटण किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, हे आज लिहिताना जीभ चावतो.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका स्थानिक अरब शेखांनी मालाची व्हॅन घेतली आणि मागे सहा सीटा बसवून मागितल्या. म्हटलं, साहेब, मग ही प्रवाशांची होईल, कागद बदलावे लागतील. ते म्हणाले, प्रवासीच आहेत, माझे ससाणे. म्हटलं, पक्षी म्हणजे माल ना? तेव्हा त्यांनी शांतपणे खिशातून सहा पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवले. इथे ससाण्यांना पासपोर्ट असतो, हे मला माहीत होतं. पण फोटो बघत बसायची वेळ कधी आली नव्हती. "हबीबी," ते म्हणाले, "मालाला पासपोर्ट असतो का?" खलास. सीटा बसवून दिल्या.

पण माझी जी गोष्ट सांगायची आहे ती मंदाताईंच्या व्हॅनची.

मंदाताई सावंत बर दुबईत डबे करतात. जुन्या देवळाच्या गल्लीपासून चार पावलांवर स्वयंपाकघर, हाताखाली तीन बायका. त्यांची आमटी खाऊन मोठे झालेले इंजिनिअर आज मॅनेजर आहेत. अशाच एका मॅनेजरचं ऑफिस उठून अबुधाबीजवळ खलिफा सिटीत गेलं. ऑफिस हललं, पण मॅनेजरची जीभ काही हलेना. त्याने सांगितलं, रोज ऐंशी डबे तिथे पोचवा, साडेबाराच्या आत. सव्वाशे किलोमीटर आमटी न्यायची! मंदाताई माझ्याकडे आल्या. "पाटकरभाऊ, गाडी तुमच्या शब्दावर घेतेय हं," असं म्हणाल्या आणि नव्या मॉडेलची पांढरी व्हॅन घेतली. सीटा काढलेली, मालाची.

गाडीबरोबर ड्रायव्हर ठेवला तो पेशावरकडचा, खानसाब. साठीला टेकलेले, मेंदी लावलेली दाढी, कमी बोलणारे. अठ्ठावीस वर्षं या देशात गाडी चालवलेली आणि गर्व एकाच गोष्टीचा. डॅशबोर्डवर कडक चहाचा उघडा कप ठेवून ते बर दुबई ते शारजा जायचे. "साब, मेरी गाड़ी में चाय नहीं छलकती," एवढंच म्हणायचे. मी स्वतः बघितलं आहे. नाही छलकायची.

नवी गाडी घेताना आपली मंडळी पूजा करतात, हे सांगायला नको. शोरूमच्या चकचकीत फरशीवर नारळ फोडायला बंदी आहे, त्यामुळे तो पार्किंगमध्ये फुटतो. आणि समोर लिंबू-मिरची. आता ही लोकं ती कशीही बांधतात. कुणी वायपरला, कुणी नंबरप्लेटला. पहिल्याच स्पीडब्रेकरला लिंबू रस्त्यावर. मला हे बघवायचं नाही. मी पडलो मूळचा डोंबिवलीच्या गॅरेजमधला, कुठलंही काम पक्कं केल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून मी माझ्या खर्चाने स्टीलचे छोटे हूक करून घेतले होते. मराठी गिऱ्हाइकाची गाडी सुटताना मी स्वतः मोजायची टेप लावून, पुढच्या जाळीत, कंपनीच्या चिन्हाखाली बरोबर मध्यभागी हूक बसवून द्यायचो. लोकं खूश. मंदाताईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "इतकं कोण करतं हो परक्या देशात?"

हुशार वाचकांच्या काय ते लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला सहा आठवडे लागले.

पहिल्या सोमवारी साडेदहाला मंदाताईंचा फोन. गाडी हायवेला लागली की मध्येच ब्रेक मारते. पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही, रस्ता मोकळा, आणि गाडी आपली खाली वाकून झटका देते, नमस्कार केल्यासारखी. शिवाय आतून एक बाई चिनी भाषेत काहीतरी बोलते. डब्यांची झाकणं उडाली, वरण भातात, भात कोशिंबिरीत. खानसाब घाबरून साठच्या वर जाईनात. साठवर गाडी ठीक चालायची, पण पोचायला चाळीस मिनिटं उशीर.

"शुक्रवारी आणा," मी म्हटलं. शुक्रवारी दुपारी खलिफा सिटीच्या ऑफिसला सुट्टी, डबे नसतात, कामाच्या दिवसांत तेवढाच मोकळा.

शुक्रवारी गाडी आली. आमच्याकडे शिस्त अशी की वर्कशॉपमध्ये येणारी प्रत्येक गाडी आधी धुवायची, मग उघडायची. वाळूने माखलेल्या गाडीखाली कुणी झोपणार? धुणारा माणूस पुढे लटकलेलं सुकलेलं लिंबू उपटून कचऱ्यात टाकी आणि गाडी लख्ख करून आत ढकली. मग आमचे लोक ती शंभरवर पळवून आणत. काही नाही. लोण्यासारखी.

सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी थोडं कमी. गुरुवारपर्यंत गाडी शहाणी. शुक्रवारी वर्कशॉपमध्ये तर आदर्श. असं तीन आठवडे.

आता तुम्हीच सांगा, सोमवारी अडखळणारी आणि गुरुवारी सुधारणारी गाडी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. यंत्राला वार कळत नाही. वार कळतो माणसाला. शनिवार-रविवार सुट्टी घालवून सोमवारी अंग जड होतं ते ड्रायव्हरचं. किती सोपं! मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसलो आणि यादीतलं शेवटचं बटण दाबलं. वर शेऱ्यात लिहिलं: वय जास्त, ब्रेकवर पाय पडत असावा. मंदाताईंना मराठीत समजावूनही सांगितलं.

"असं म्हणता?" त्या म्हणाल्या. "माणूस चांगला आहे हो. पण ऑफिसवाल्यांनी सांगितलंय, महिनाभरात सुधारलं नाही तर डबे बंद."

"बघा बाई. मशीन खोटं बोलत नाही."

मशीन काही बोललंच नव्हतं. मी बोललो होतो.

घरी मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या खानाला तू विचारलंस का?" मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो अनफेअर." दोघींकडे मी दुर्लक्ष केलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेला माणूस घरच्यांचं ऐकत नसतो.

मंदाताईंनी आपल्या परीने उपाय चालू केले. शनिवारी त्या एक लिंबू लावत, त्याची दोन केली. बर दुबईतल्या मीना बाजारच्या मागे एक फुलवाला बसतो, त्याच्याकडची माळ पाच दिरहमला, म्हणजे जवळजवळ सव्वाशे रुपये! "गावाला सव्वाशेत लिंबाचं पोतं येईल," असं म्हणत त्या घ्यायच्या. दोन लिंबांनी सोमवार आणखी बिघडला. मग तीन लिंबं. मग गाडी मंगळवारीसुद्धा वाकू लागली. स्वयंपाकघरातल्या वसईच्या फिलोमिनाबाईंनी चर्चमधलं पाणी बाटलीत आणून चारी चाकांवर शिंपडलं. खानसाबांनी गुपचूप आरशाला तावीज बांधला. तिन्ही धर्म गाडीच्या मागे लागले तरी गाडी ऐकेना. मला मंदाताईंनी फोनवर विचारलंही, "पाटकरभाऊ, पाच लावू का?"

"लावा, लावा," मी म्हटलं. "हूक स्टीलचा आहे, दहा पेलेल."

सहाव्या आठवड्यात मंदाताई वर्कशॉपमध्ये आल्या त्या चेहरा पाडून. सोमवारी शेवटची संधी. त्या दिवशीही उशीर झाला तर महिनाअखेर खानसाबांना कॅन्सल करायचं त्यांनी ठरवलं होतं. इथे 'कॅन्सल' म्हणजे व्हिसा कॅन्सल, माणसाने सामान बांधायचं आणि देश सोडायचा. साठीच्या ड्रायव्हरला दुसरं कुणी घेत नाही. "तुमच्या कार्डावरच लिहिलंय ना भाऊ, पाय पडतो म्हणून? मी किती दिवस माया करू? हाताखाली तीन बायका आहेत माझ्या."

तेव्हा कुठे मी ते कार्ड परत काढून वाचलं. योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्याकडे कंपनीची चिनी इंजिनिअर आली होती, मिस लिन. तिशीची, बारीक, पाठीवर लॅपटॉपची भलीमोठी बॅग. तीन वर्षं याच देशात या वर्कशॉपमधून त्या वर्कशॉपमध्ये फिरत होती. इंग्रजी मोजकं, आणि जिथे अडेल तिथे फोनमध्ये चिनी बोलायची. मग फोन हिंदीत ओरडायचा, तेही निवडणुकीच्या सभेत ओरडावं तसा. मी तिला म्हटलं, सोमवारी माझ्याबरोबर चल, डबे घेऊनच जाऊ. फोन गरजला: "यह बहुत अच्छा विचार है! मैं भोजन के साथ यात्रा करूँगी!"

मालाच्या गाडीत पुढे तीनच माणसं बसतात. खानसाब, मधे मिस लिन लॅपटॉप मांडीवर घेऊन, खिडकीशी मी. मंदाताई मागून आपल्या भाच्याच्या गाडीत. ऐंशी डबे मागे क्रेटमध्ये. डॅशबोर्डवर कप नव्हता. विचारलं तर खानसाब म्हणाले, "अब नहीं रखता, साब."

हायवेला लागलो. साठ, सत्तर. खानसाबांनी माझ्याकडे बघितलं. "बढ़ाऊँ?" म्हटलं, यल्ला, चला. ऐंशीला काटा टेकला आणि गाडीने धाडकन नमस्कार घातला. चिनी बाई बोलली. मागे ऐंशी डबे खडखडले. मी नेमकं त्या क्षणी खानसाबांच्या पायाकडे बघत होतो, कारण त्यासाठीच आलो होतो. पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या जवळपासही नव्हता.

मिस लिनने लॅपटॉपवर बोट ठेवलं. गाडी म्हणत होती, समोर काहीतरी आहे. किती दूर? एक वीत.

पुढच्या पेट्रोलपंपावर गाडी घेतली. खानसाब पाणी आणायला गेले, मंदाताई भाच्याला रागावायला गेल्या. मिस लिन गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि वाकली. माझ्या हुकाला पाच टपोरी, रसरशीत, ताजी लिंबं आणि मधून मधून हिरव्यागार मिरच्या लटकत होत्या.

"व्हॉट इज धिस पार्ट?" तिने विचारलं.

मग समजावून सांगितलं तिने, आणि मला शोरूमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाची लाज वाटली, म्हणजे माझीच. नव्या मॉडेलमध्ये चिन्हाच्या खाली, जाळीच्या मागे रडार असतं. समोर कुणी आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक मारते. ऐंशीवर वारा लागला की माळ उचलून बरोबर रडारसमोर येते. रडारला पाणी चांगलं दिसतं. ताजं लिंबू म्हणजे पाण्याची पिशवी. उन्हात चार दिवसांत सुकून सुपारी झालं की रडार त्याला मोजत नाही. म्हणून शनिवारी बांधलेलं लिंबू सोमवारी माणूस आणि शुक्रवारी कचरा. मी हे सगळं दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ ट्रेनिंगमध्ये शिकायला हवं होतं. त्या ट्रेनिंगला मी सही करून चहाला गेलो होतो.

"पार्ट नंबर?" मिस लिन वही काढून उभी.

"नो नंबर. लेमन."

"सप्लायर?"

मी झटकन माळ हुकावरून काढली आणि पॅंटच्या खिशात कोंबली. ती म्हणाली, गिऱ्हाइकाला सांगायला हवं. म्हटलं, "लेटर. इन्शाल्ला." तीन वर्षं या देशात काढलेल्या माणसाला अशा इन्शाल्लाचा अर्थ, की हे होणार नाही, बरोबर कळतो. तिने वही मिटून बॅगेत टाकली.

तेवढ्यात दोघंही परत आले. "काय निघालं?" मंदाताईंनी विचारलं.

"धूळ," मी म्हटलं. "सेन्सरवर धूळ होती. पुसली."

का बोललो? तीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नव्हती. निरोपसमारंभाचं भाषण ठरलं होतं, त्यात 'अचूक' हा शब्द तीनदा येणार होता, मीच लिहून दिलं होतं. आणि मनात म्हटलं, आता गाडी नीट चालेल, खानसाबांची नोकरी वाचेल, सगळे सुखी. कशाला उगाच?

गाडी शंभरवर नीट चालली. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही खलिफा सिटीत, एका व्हिलातल्या त्या ऑफिससमोर. वीस मिनिटं आधी! मॅनेजर स्वतः बाहेर आला. मंदाताईंचा चेहरा फुलला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत भाऊ? धूळ काय, रोजचीच असते. पंपापासून साहेबांनी पायाकडे डोळा ठेवला तर कसा नीट चालवतो! म्हणजे येतं याला. पाय आवरत नाही, एवढंच. आता तुम्ही काय रोज बसणार आहात? महिनाअखेर कॅन्सलच करते."

हे मला सुचलंच नव्हतं! मी खोटं बोलून माणसाला वाचवायला गेलो आणि त्याच खोट्याने त्याच्यावर शिक्का बसला. खानसाब क्रेट उचलत होते. त्यांना मराठी येत नाही, पण कॅन्सल हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच आहे. त्यांनी क्रेट खाली ठेवला.

"बाजी, महीने तक मत रुकिए," ते मंदाताईंना म्हणाले. बाजी म्हणजे त्यांच्याकडे ताई. "मैंने ख़ुद घर पे बोल दिया है कि आता हूँ. मुझे तो पता नहीं चलता कि पाँव पड़ता है. डॉक्टर को दिखाया, वो बोला सब ठीक है. लेकिन कंपनी का काग़ज़ बोलता है तो पड़ता होगा. जिस आदमी को अपने पाँव का पता न हो, उसको गाड़ी नहीं चलानी चाहिए."

अठ्ठावीस वर्षं चहा न सांडणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायापेक्षा माझ्या बटणावर विश्वास ठेवला होता. मी घाम पुसायला हात वर केला, डोळे चोळले आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडून किंकाळी फुटली. खिशात मिरच्या चुरडल्या होत्या, हात सगळा मिरचीचा.

दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंदाताई घाबरल्या. "अहो पाटकरभाऊ, रडताय काय असे? एवढं मनाला लावून घेऊ नका, मी दुसरा ड्रायव्हर बघते." मॅनेजर पाणी घेऊन धावला. मिस लिनचा फोन गरजला: "इस बुज़ुर्ग को बहुत दुख हुआ है!" आणि खरं सांगतो, सगळंच पाणी मिरचीचं नव्हतं.

मी खिशातून माळ बाहेर काढली आणि आंधळ्यासारखा ती पुढे धरून सगळं बोलून टाकलं. मराठीत मंदाताईंना, हिंदीत खानसाबांना. हूक माझा, जागा माझी, टेप लावून मोजलेली. कार्ड माझं. धूळ वगैरे काही नव्हतं. "पाँव नहीं पड़ता, खानसाब. कभी नहीं पड़ा. मैंने झूठ लिखा."

मंदाताईंचा विश्वास बसेना. "लिंबाने गाडी थांबते? अहो, लिंबाने संकट थांबतं!"

मग मिस लिनने सूत्रं हातात घेतली. तिने स्वयंपाकाच्या क्रेटमधली आमटीची लांब पळी मागून घेतली, तिच्या टोकाला माळ बांधली आणि व्हॅनच्या पुढे, रडारसमोर माळ धरून उलटी चालू लागली. खानसाबांना खूण केली, हळू या. ऑफिसची माणसं हातात डबे घेऊन पायऱ्यांवर जमली. व्हॅन दहाच्या वेगाने पुढे यायची, मिस लिन पळी आडवी करायची, गाडी गपकन नमस्कार घालायची आणि आतली बाई बोलायची. ती बाई काय म्हणते तेही तेव्हाच कळलं. फोनने भर दुपारी सगळ्या गल्लीला ऐकवलं: "सामने मनुष्य खड़ा है! कृपया धैर्य रखें!" पाच लिंबांना गाडी सहा आठवडे माणूस समजत होती. आणि माणसाला मी काय समजत होतो, ते सांगितलंच.

तिसऱ्या खेपेला खानसाबांनी खिडकी खाली केली. त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली होती. गाडी ऑटोमॅटिक, आपली हळूहळू पुढे सरकत होती. पळी आडवी झाली, गाडीने कचकन ब्रेक मारला आणि खानसाब खिडकीतून ओरडले, "देखो! देखो बाजी! पाँव ऊपर है!"

"फिर से करो," ते मिस लिनला म्हणाले. तिने केलं. "और एक बार." सात-आठ वेळा तरी झालं असेल. दर वेळी ते पाय दाखवायचे आणि पायऱ्यांवरची माणसं टाळ्या वाजवायची. आठव्या वेळी ते हसत होते की रडत होते ते मला दिसलं नाही, माझे डोळे उघडत नव्हते.

मंदाताई खिडकीशी गेल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "खानसाब, मेरेकू माफ करो. मैंने काग़ज़ का सुना, तुम्हारा नहीं सुना. घर पे फोन करके बोलो, नहीं आता करके." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि भाऊ, तुमच्याशी मी दिवाळीपर्यंत बोलणार नाही." बोलल्याही नाहीत. फराळ मात्र पाठवला. लिंबू आता त्या गाडीच्या आत, डब्यांच्या मागे बांधतात.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या मराठी गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं आणि स्वतःच्या हाताने हूक काढले. जुन्या गाड्यांना रडार नव्हतंच, तरी काढले. मिस लिनने चीनला रिपोर्ट पाठवला, त्यात ताज्या लिंबाचा, सुक्या लिंबाचा आणि नुसत्या मिरचीचा असे तीन वेगळे तक्ते होते. मिरची निर्दोष सुटली. निरोपसमारंभाच्या भाषणातला 'अचूक' मीच खोडला. त्या बटणाखाली मी ज्या ज्या ड्रायव्हरांना गाडलं, त्यांतल्या कुणाकुणाचं खरं कारण लिंबासारखं साधं असेल, हे मात्र आता कळायला मार्ग नाही. ते बहुतेक आपापल्या देशी गेले.

त्या दुपारी परत निघण्याआधी मी रिकाम्या क्रेटवर, बाहेरच्या कामासाठी असतं ते जॉब कार्डाचं छापील पुस्तक ठेवलं आणि डोळ्यांवर ओला रुमाल धरून नवं कार्ड भरलं. तक्रार: गाडी विनाकारण ब्रेक मारते. कारण: सर्व्हिस ॲडव्हायझरने चुकीच्या जागी बसवलेला हूक. उपाय: हूक काढला. खाली सही, पूर्ण नावासकट. खानसाबांना हिंदीत वाचून दाखवलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "और पाँव?"

"पाँव का क्या, खानसाब?"

"पहले काग़ज़ पे पाँव लिखा था. घर पे सबको बोला है कि पाँव ख़राब है. इसका फ़ोटो भेजूँगा, बेटा अंग्रेज़ी पढ़ लेता है. पाँव ठीक है, ये भी लिखो."

कार्डावर तपासणीची छापील यादी असते: टायर, ऑइल, बॅटरी, ब्रेक. माणसाच्या पायाला त्यात जागा नाही. मी ब्रेकच्या खाली हाताने एक ओळ आखली, 'चालकाचा पाय, तपासला' असं इंग्रजीत लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

खानसाब कार्डावर वाकून त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले.

"साब," ते म्हणाले, "दोनों लिखो."

मी दोन्ही लिहिले.